‘मुळासकट काढून देतो’ म्हणणाऱ्याकडं आईला आता नेऊ नका

पत्र

सिस्टर मावशी, मी अंबाजोगाईला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव केज तालुक्यात. आई-बाबा दरवर्षी ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं जातात. आईला पाच-सहा वर्षांपासून सोरायसिस आहे. कोपर, गुडघे, कंबर आणि डोक्यात चट्टे, त्यावर पापुद्रे. आधी गजकर्ण समजून मेडिकलवरून ट्यूब आणून लावत होतो. मागच्या साली आठवडी बाजारात बसणाऱ्या एका वैद्यानं पुड्या दिल्या, ‘मुळासकट काढून देतो’ म्हणाला. पंधरा दिवसांत अंग स्वच्छ झालं, आईला भूक लागायला लागली, तोंडही भरलं. पैसे संपले, पुड्या बंद झाल्या आणि महिन्याच्या आत सगळ्या अंगावर उठलं. मग मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या. आई म्हणते, रोज घेतल्या तर लवकर जाईल. तिची गर्भपिशवी तिशीतच काढलेली आहे, बाकी बीपी-शुगर काही नाही. टोळीतल्या बायका तिला हंड्याला हात लावू देत नाहीत, महारोग म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, दसऱ्यानंतर जावंच लागेल. घरात माझं स्थळ बघणं चालू आहे. मामा म्हणतो, पाहुण्यांना आईचं कळू द्यायचं नाही. हा रोग कायमचा जाईल का? मला होईल का? आणि आईची बोटं सकाळी वळत नाहीत, तेही यामुळंच का?

उत्तर

पोरी, तुझ्या सगळ्या प्रश्नांकडं येते. पण पुढं वाचायच्या आधी आईला फोन लाव आणि एवढंच विचार, ती गोळी रोज घेती का.

तू गोळीचं नाव लिहिलं नाहीस, पण सोरायसिसला आठवड्यातून एकदा देतात ती गोळी बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट असते. पाकीट मागव आणि स्वतः वाच. ही गोळी आठवड्यातून एकाच वारी घ्यायची असते. रोज घेतली तर थोड्याच दिवसांत तोंड आतून सोलून निघतं, घास गिळवत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जातात, ताप भरतो आणि माणूस दगावू शकतो. माझी नर्सची नोकरी त्वचारोगाच्या वॉर्डात झाली. अशी माणसं आली की नातेवाइकांकडून ऐकू यायचं ते तुझ्या आईचंच वाक्य: एका गोळीनं एवढा गुण, तर रोज घेतल्यावर किती! हिशोब सरळ वाटतो आणि त्यातच घात होतो.

तिनं रोज घ्यायला सुरुवात केलेली असेल तर गोळी थांबवा आणि आजच्या आज पाकिटासकट सरकारी दवाखान्यात न्या. तोंड आलं नसेल, बरं वाटत असेल, तरी न्या. यावर उतारा आहे, फोलिनिक ॲसिड म्हणून इंजेक्शन मिळतं, पण ते जितकं लवकर मिळेल तितकं उपयोगाचं. उद्या बघू, असं करू नका.

आणि ती एकदाच घेत असेल तर वार पक्का करून टाका. मी रविवार म्हणेन. तुला कॉलेज नसतं, तू फोन करून विचारू शकतेस. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी दिली असणार. ती डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेगळ्या वारी घ्यायची. दोन्ही गोळ्या बारीक, बऱ्याचदा दोन्ही पिवळसर. तोडीवरच्या अंधाऱ्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, पहाटे चारला, चष्म्याशिवाय कोणती कुठली हे तुझ्या-माझ्या सारखीलाही कळायचं नाही. दोन वेगळ्या डब्या कर. मेथोट्रेक्सेटच्या डबीला लाल दोरा बांध, आणि ती डबी आईकडं नको, बाबांकडं राहू दे.

ही गोळी काही विष नाही, नाहीतर तू घाबरून बंदच करायला लावशील. सोरायसिसमध्ये ती कित्येक वर्षांपासून वापरात आहे, स्वस्त आहे आणि नीट घेतली तर चांगला गुण येतो. गुण यायला मात्र दीड-दोन महिने लागतात. अट इतकीच की रक्त तपासत राहायचं. पेशी, लिव्हर, किडनी, सुरुवातीला लवकर लवकर आणि मग डॉक्टर सांगतील तसं. दुसरी गोष्ट, तोडीवर अंग दुखतं म्हणून रोज दुखण्याची गोळी घ्यायची सवय बायकांना लागलेली असते. या गोळीबरोबर ती डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाही. ताप-जुलाब झाला आणि तिथल्या डॉक्टरनं औषध लिहिलं तर ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे आधी सांगायचं. कोट्रायमोक्साझोल नावाची साधी, सगळीकडं मिळणारी गोळी याच्यासोबत गेली तर रक्ताच्या पेशी धोक्याच्या खाली येतात. एका कागदावर हे मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पिशवीत ठेव, तिला वाचता येत नसलं तरी चालेल, डॉक्टरला येतं.

आईची पिशवी तिशीतच काढली हे तू सहज लिहून गेलीस. त्याच्यावर लिहायला बसले तर हा कागद पुरायचा नाही, म्हणून तो राग मी बाजूला ठेवते. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या तरुण बाईला सांगते, मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहता कामा नयेत. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यायचं. पुरुषांनीही हे विचारून घ्यावं.

आता त्या पुड्यांचं.

पंधरा दिवसांत अंग लख्ख, भूक वाढलेली, तोंड भरलेलं, आणि पुडी बंद होताच दुप्पट उसळी. ही चाल स्टेरॉइडची, म्हणजे रोग झपाट्यानं दाबणाऱ्या औषधाची असते. जडीबुटीच्या पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या दळून घालायची विद्या नवी नाही. तुम्हाला वाटलं आईची तब्येत सुधारली. ती तब्येत नव्हती, सूज होती. सोरायसिसच्या माणसाला पोटातून स्टेरॉइड दिलं की रोग दबतो, आणि ते अचानक बंद झालं की सगळं अंग पेटल्यासारखं लाल होतं, काहींना पुवाचे बारीक फोड येतात. म्हणूनच त्वचेचे डॉक्टर या रोगात स्टेरॉइडची गोळी शक्यतो देत नाहीत. वैद्यानं पैसे घेतले, ते गेले. त्याच्यामुळं ठरावीक जागांपुरता असलेला रोग अंगभर झाला, याचं मला जास्त वाईट वाटतं.

पण एक सावधगिरी. कुणी महिनोन् महिने असली पुडी खात असेल तर हे वाचून आज रात्री ती उकिरड्यावर टाकू नये. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं कमी करून बसलेलं असतं. एकदम तोडलं तर उलट्या, चक्कर, बीपी खाली, असं होतं. पुडी घेऊन डॉक्टरकडं जायचं आणि सांगायचं, हे खात होतो. लाजायचं नाही. ते रागावतील, रागावू दे.

मेडिकलवरून आणलेल्या ट्यूबची गोष्टही त्याच घरातली. गजकर्ण, खरूज, खाज, सगळ्यावर एकच म्हणून विकतात त्या बऱ्याच ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. 2018 साली सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. दुकानात जाऊन बघ, नियम कितपत पोहोचलाय ते. खरं गजकर्ण असेल तर स्टेरॉइडनं ते दबून आतल्या आत पसरतं. सोरायसिस असेल तर स्टेरॉइड मलम योग्य औषध आहे, पण किती जोराचं, कुठं आणि किती दिवस, हे ठरवून. तोंडावर, काखेत, जांघेत जोराचं मलम लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते, ती पुन्हा पहिल्यासारखी होईलच असं नाही. मापही सांगून ठेवते. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढली तर ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्याहून जास्त थापून गुण वाढत नाही.

तू विचारलंस, कायमचा जाईल का. नाही. पुड्या नाहीत, ट्यूब नाही, आठवड्याची गोळी नाही, हजारो रुपयांची इंजेक्शनं आली आहेत तीही नाहीत. 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं सोरायसिसवर ठराव केला, त्यातही हेच मान्य केलं आहे की हा दीर्घकाळ राहणारा, न पसरणारा रोग आहे आणि त्याला समूळ बरं करणारा इलाज नाही. ज्या दवाखान्यात तुम्हाला ‘हा पूर्ण जाणार नाही’ असं सांगितलं असेल, तिथून तुम्ही नाराज होऊन परत आला असाल. बहुतेक घरं तशीच येतात. मग शेजारी कुणी म्हणतं, अमक्या गावाला एक जण आहे, गॅरंटी देतो. खरं बोलणारा डॉक्टर मागं पडतो आणि गॅरंटीवाल्याकडं गाडी जाते. मला विचारशील तर सोरायसिसनं जितकी माणसं नासली नाहीत, तितकी या मुळासकटच्या शोधात नासली.

मुळासकट का जात नाही ते थोडक्यात समजून घे, म्हणजे आईला सांगता येईल. या रोगाचं मूळ कातडीत नसतंच. रोगाशी लढणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशी चुकून कातडीवर उठतात आणि तिथं सूज चालू ठेवतात. साधारणपणे खालची नवी पेशी पिकून वर यायला आणि झडायला महिनाभर लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हेच काम आठवड्याच्या आत उरकतं. कच्ची कातडी वर येते, झडायच्या आधी तिच्यावर दुसरी येऊन बसते, आणि तोच तो चंदेरी पापुद्रा. रक्त खराब झालं म्हणून हे होत नाही. मागच्या जन्माचं पाप, देवीचा कोप, कुणाची नजर, काही नाही. आईला योगेश्वरीची ओटी भरायची असेल तर खुशाल भरू दे, तिच्या मनाला बरं वाटेल आणि मनाचा ताण कमी झाला की हा रोगही जरा नरम पडतो. रविवारची गोळी मात्र चुकवायची नाही.

पूर्ण जात नाही म्हणजे असाच राहतो असंही नाही. बीपीसारखं धर. बीपी कुणाचं ‘बरं’ होत नाही, पण गोळी घेऊन लोक नातवंडांची लग्नं लावतात. सोरायसिस महिनोन् महिने, काही जणांचा वर्षानुवर्षं गप्प बसतो. मग एखाद्या हिवाळ्यात, घसा दुखून आल्यावर, घरात दुःख झाल्यावर किंवा दुसऱ्याच एखाद्या औषधानं परत डोकं काढतो. परत आला म्हणजे औषध फुकट गेलं, असं समजायचं नाही.

तोडीचं मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण दवाखान्यात हे कुणी विचारत नाही. केसपेपरवर ‘व्यवसाय: मजुरी’ एवढं लिहितात आणि पुढचा पेशंट येतो.

सोरायसिसची एक खोड आहे. जिथं कातडीला इजा होईल तिथंच तो नवा चट्टा काढतो. ओरखडा, चटका, घासणं, काहीही. हाइनरिख कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात हे टिपलं, आजही डॉक्टर त्याच नावानं ओळखतात. आता तुझ्या आईचं काम डोळ्यापुढं आण. पाचटाच्या धारेनं हाताला रोज बारीक चिरा. मोळी डोक्यावर, म्हणजे टाळूला दाब आणि घासणं. कोयत्याच्या मुठीनं तळहात. थंडीत पहाटे काम, कोरडी हवा. तिचा रोग हिवाळ्यात भडकत असेल तर त्याचं कारण यात आहे.

काम बदला असं मी सहज लिहू शकते, पण उचल फेडायची तुम्हाला आहे, मला नाही. तरी सांगते. अंगभर उठलेलं अजून शांत झालेलं नसेल तर यंदा तिला नेऊ नका. बाबांनी मुकादमाशी बोलून अर्धा कोयता करावा, म्हणजे जोडीऐवजी एकट्यानं तोड करावी, उचलीचा हिशोब पुढच्या सालावर न्यावा. मुकादम चिडेल, कर्ज वाढेल, हे मला कळतं. पण सगळं अंग लाल असलेल्या माणसाची कातडी पाणी आणि ऊब धरून ठेवू शकत नाही. अशा बाईला पाचटाच्या कोपीत, डिसेंबरच्या थंडीत झोपवणं जिवावर बेतू शकतं.

शांत झालं असेल आणि जायचंच असेल तर तयारी करून जा. आई साडीवर बाबांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत असेलच, तो सुती असू दे आणि बाही बटण लावून बंद. जुने पायमोजे पुढून कापून मनगटापासून कोपरापर्यंत चढवले की पाचट लागत नाही. चुंबळ नेहमीपेक्षा जाड आणि मऊ, फाटक्या गोधडीच्या कापडाची. कामावर जाण्याआधी कोपर, गुडघे, तळहात यांना पेट्रोलियम जेली. आंघोळीनंतर अंग टिपून, ओलसर असतानाच परत जेली किंवा खोबरेल तेल. सुकल्यावर लावून निम्माच उपयोग. पाणी कोमट, चुलीवरचं कढत नको. कपड्याचा साबण अंगाला नको.

आणि ती वजरी. मला माहीत आहे, तुझी आई पापुद्रे वजरीनं घासून काढत असणार. सगळ्या बायका काढतात. घासलं की दोन दिवस स्वच्छ वाटतं आणि तिसऱ्या दिवशी जाड थर येतो, कारण घासणं हीच इजा. पापुद्रा मऊ करून आपोआप पडू द्यायचा. डोक्यात रात्री खोबरेल चोपडून फडकं बांधायचं, सकाळी बोटांनी हलकेच सोडवायचं, फणीनं खरवडायचं नाही. डॉक्टरांना विचारून डांबराचा किंवा सॅलिसिलिक ॲसिडचा शाम्पू आणा.

औषध दोन महिन्यांचं नव्हे, पूर्ण हंगामाचं कसं मिळेल ते जाण्याआधी विचारा. रक्त तपासणी चुकवायची नाही. सांगलीकडं गेलात तर मिरजेचं शासकीय रुग्णालय आहे, कोल्हापूरकडं सीपीआर हे सरकारी रुग्णालय. केसपेपर आणि रिपोर्टचे फोटो तुझ्या मोबाइलमध्ये असू दे, म्हणजे कागद कोपीत भिजले तरी अडणार नाही. एक दिवसाचा खाडा पडेल, पैसे कापले जातील. ते धरूनच चाला.

हंगाम संपून गावी आलात की प्रकाशोपचाराचं विचारा. ठरावीक तरंगलांबीचे अतिनील किरण यंत्रातून अंगावर सोडतात, आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. गुण चांगला, पोटात औषध जात नाही. तोडीच्या दिवसांत हे जमणं शक्य नाही, पण पावसाळ्यात तुम्ही घरीच असता. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचं रुग्णालय तुझ्या कॉलेजपासून जवळ, नाहीतर लातूर, नांदेड, संभाजीनगरची घाटी. जाण्याआधी यंत्र चालू आहे का ते विचारून घे, उगाच फेरा नको. घरचं कोवळं ऊनही थोडा वेळ चालतं. कातडी भाजेपर्यंत बसलं तर उलटं होईल.

हंड्याचं ऐकून मला राग आला, पण त्या बायकांवर नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. सोरायसिसमध्ये जंतू नाही. हात लावून, एका ताटात जेवून, एका अंथरुणात झोपून, पापुद्रे अंगावर पडून, कशानंच तो दुसऱ्याला होत नाही. बाबा इतकी वर्षं आईजवळ आहेत, त्यांना झाला का? हे एक वाक्य टोळीत पुरेसं आहे. तू म्हणालीस तर ऐकणार नाहीत, गावातल्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना निघण्याआधी चार बायकांसमोर सांगायला लाव. महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, तो बधिर असतो. आईच्या चट्ट्याला खाज सुटते, चिरलं तर दुखतं. आणि महारोग असता तरी काय? त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभरात बरा होतो, औषध सुरू झालं की पसरायचा थांबतो. हंडा वेगळा करायचं कारण तेव्हाही नव्हतं.

पथ्याबद्दल तू विचारलं नाहीस, तरी घरात वांगं, आंबट, लोणचं, अंडं, मासे बंद झाले असतील असं धरून लिहिते. सगळं परत सुरू करा. अमुक पदार्थानं सोरायसिस होतो असं नाही. ज्या बाईच्या अंगातून रोज पापुद्र्यांवाटे प्रथिनं झडतात तिची अंडी आणि डाळ बंद करणं हा कुठला न्याय? भाकरी, डाळ, शेंगदाणे, भाजी, मिळेल तेव्हा अंडं. वजन फार वाढू द्यायचं नाही, कारण या रोगासोबत शुगर, बीपी आणि हृदयाचा आजार यांचं प्रमाण जास्त असतं. आज काही नाही म्हणतेस, तरी वर्षातून एकदा तपासा. दारू मेथोट्रेक्सेटबरोबर अजिबात नाही, लिव्हर जातं. विडी आणि तंबाखूही सुटली तर चांगलं.

तुला होईल का? आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात साधारण दहा ते पंधरा. म्हणजे बहुतेकांना होत नाही. आधी कळेल अशी रक्ताची तपासणी नाही, कुणी करायला सांगितली तर पैसे घालवू नकोस. घसा दुखून ताप आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगावर थेंबांसारखे लाल ठिपके उठले तर दाखव. यापेक्षा जास्त विचार करून रोज आरशासमोर उभी राहू नकोस.

लग्नाच्या बाबतीत मी मामाच्या विरुद्ध आहे. साखरपुड्याच्या आधी, बैठकीत, बाबांनी स्वतः सांगावं: पोरीच्या आईला सोरायसिस आहे, पसरत नाही, इलाज चालू आहे, शंका असेल तर आमच्या डॉक्टरांना विचारा. एवढंच आणि सरळ आवाजात. लपवलं तर लग्नाच्या दिवशी आईला मागच्या खोलीत बसवावं लागेल, ओवाळायला मावशी पुढं करावी लागेल, आणि पुढं दर सणाला तेच. शिवाय कोपर झाकून किती दिवस झाकणार, पहिल्या दिवाळसणाला कळणारच. तेव्हा रोगापेक्षा खोटं बोललात हेच मोठं होईल. एखादं स्थळ मोडेलही. हंडा वेगळा ठेवणाऱ्या घरात तू सून म्हणून जाण्यापेक्षा ते मोडलेलं बरं, असं माझं मत. आणि खरं सांगू, दुसऱ्या वर्षाला आहेस, पदवी हातात येईपर्यंत स्थळं थांबवता आली तर थांबव.

शेवटी बोटांचं. तू ते सगळ्यात खाली, जाता जाता लिहिलंस. मी ते वर घेतलं असतं. सोरायसिस असलेल्या शंभरातल्या तीसेक जणांपर्यंत सांधे धरतात. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास वळत नाहीत, काम करता करता सैल होतात, एखादं बोट सगळंच सुजतं, टाच दुखते. आईची नखं बघ. त्यांच्यावर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का, नख पिवळं होऊन मांसापासून सुटलंय का? असेल तर सांध्याची शंका आणखी वाढते. ती म्हणत असेल, कोयता धरून धरून दुखतात. कोयत्यानं दुखतात ती काम केल्यावर, संध्याकाळी. सकाळी कडक आणि दुपारी सैल, हे सुजेचं लक्षण. कातडी सावकाश सुधारली तरी चालते, सांधा एकदा वाकडा झाला की सरळ होत नाही. मेथोट्रेक्सेटचा सांध्यालाही उपयोग होऊ शकतो. सांध्यांचं कळलं तर डॉक्टर डोस बदलतील, एक्स-रे काढतील, गरज पडली तर औषध वाढवतील. त्यामुळं दसऱ्याची वाट न बघता या आठवड्यातच ओपीडी गाठा.

आणि मधल्या काळात सगळं अंग लाल होऊन थंडी वाजायला लागली, पाय सुजले, किंवा तापासोबत पुवाचे फोड उठले, तर ओपीडीची वेळ बघत बसू नका, रात्र असली तरी अपघात विभागात न्या.

ओपीडीत नंबर लागला की आई बाही वर करून चट्टे दाखवायला लागेल. तिला थांबव आणि बोटांचं आधी सांग. चट्टे डॉक्टरांना दिसतातच.

— तुझी सिस्टर मावशी